किती पट आणि किती जण?

"अमुक पदार्थ खाणाऱ्यास अमुक रोगाचा धोका पाचपट असतो," अशा प्रकारची वाक्ये वृत्तपत्रांतून आपण नेहमी वाचतो. वाचणारा क्षणभर दचकतो, शेजाऱ्यास ते वाचून दाखवितो आणि पान उलटतो. पाचपट म्हणजे कशाच्या पाचपट, हे सहसा कोणी विचारीत नाही. आणि आपल्या गावातील किती माणसांचा त्यात प्रश्न आहे, हे तर त्याहूनही क्वचित विचारले जाते. वस्तुतः हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिल्याच्या उत्तराने रोगाचे कारण शोधता येते, तर दुसऱ्याच्या उत्तराने गावाने काय करावे हे ठरविता येते. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे पैसा आणि श्रम भलतीकडे खर्च होतात.

वसंतातील व्याख्यानांत काव्य, इतिहास, धर्मविचार असे विषय ऐकण्याची श्रोत्यांस सवय असते. तेथे भागाकार आणि टक्केवारी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु साथरोगशास्त्र ज्याला म्हणतात ते शास्त्र मुख्यतः मोजणीचेच आहे, आणि या मोजणीचा एक उत्तम नमुना मूलपासून फार दूर नाही. सावलीवरून पुढे जाऊन वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत तो आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली. या संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा जो अभ्यास केला, त्याच्याच आधाराने हा विषय समजून घेऊ.

१९९५-९६ या वर्षी ३९ खेड्यांत जन्मलेल्या ७६३ बालकांचे पहिले अठ्ठावीस दिवस त्यांनी पाहिले. शिकवून तयार केलेल्या गावच्याच स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन करीत, अंग गार पडले आहे काय ते पाहत, श्वास मोजीत आणि सर्व काही लिहून ठेवीत. या ७६३ बालकांपैकी ४० बालके महिन्याच्या आत दगावली.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की '४० बालके दगावली' एवढ्याने काहीच कळत नाही. चाळीस कितींपैकी, हे सांगितल्याशिवाय तो आकडा मुका आहे. ४० ला ७६३ ने भागले म्हणजे हजारी सुमारे ५२ हे प्रमाण मिळते, आणि यालाच जोखीम म्हणावयाचे. जोखीम म्हणजे भविष्यकथन नव्हे. कोणते बाळ जगेल आणि कोणते जाईल हे ती सांगत नाही. अशा शंभर किंवा हजार बाळांपैकी साधारण किती जातील एवढेच सांगते.

आता या बालकांचे दोन गट पाडू. अडीच किलोंहून कमी वजनाची बालके शेकडा ४२, म्हणजे ३२० होती. त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ११.३ होते, म्हणजे ३६ मृत्यू. उरलेल्या ४४३ बालकांत ४ मृत्यू, म्हणजे शेकडा ०.९. एवढ्या चार आकड्यांतून या शास्त्रातील बहुतेक सारी मापे काढता येतात.

पहिले माप गुणोत्तराचे. ११.३ ला ०.९ ने भागले म्हणजे सुमारे साडेबारा येतात. कमी वजनाच्या बाळाच्या मृत्यूची जोखीम पुरेशा वजनाच्या बाळाच्या साडेबारापट आहे, असा याचा अर्थ. याला सापेक्ष जोखीम म्हणतात. हे गुणोत्तर एक आले असते तर वजनाचा आणि मृत्यूचा काही संबंध नाही असे म्हटले असते. एकाहून कमी आले असते तर कमी वजन बाळाचे रक्षणच करते असे म्हणावे लागले असते. गुणोत्तर एकापासून जितके दूर, तितका संबंध घट्ट. मात्र त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. पुरेशा वजनाच्या गटात मृत्यू अवघे चार आहेत. ते चाराऐवजी सहा झाले असते तर गुणोत्तर सव्वाआठांच्या जवळ आले असते, आणि तीनच झाले असते तर साडेसोळांच्या वर गेले असते. म्हणूनच जाणते संशोधक केवळ एक आकडा न सांगता, खरे उत्तर कोठपासून कोठपर्यंत असू शकेल याची मर्यादाही सांगतात.

दुसरे माप वजाबाकीचे. ११.३ तून ०.९ वजा केले म्हणजे १०.४ उरतात. कमी वजनाच्या दर शंभर बाळांत दहा मृत्यू जास्तीचे झाले. भागाकाराने 'किती पट' कळले, वजाबाकीने 'किती जण' कळले.

या ठिकाणी एक नेहमीचा आक्षेप आठवतो. तंबाखूविषयी कोणी बोलू लागला की कोणीतरी हटकून म्हणतो, "आमचे आजोबा जन्मभर खर्रा खात होते, आणि नव्वद वर्षे जगले!" आजोबांची हकीकत खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु वरील हिशेबातही कमी वजनाच्या ३२० बाळांपैकी २८४ वाचलीच आहेत, आणि पुरेशा वजनाच्या बाळांतही ४ गेलीच आहेत. वाचलेल्यांपैकी एकाकडे बोट दाखविल्याने जोखीम नाहीशी होत नाही. जे गेले त्यांचे नातू असा दाखला द्यावयास सभेत उठत नाहीत, एवढाच फरक.

भागाकार आणि वजाबाकी यांची उत्तरे कधी कधी परस्परांविरुद्ध दिशा दाखवितात. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये तेथील डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी विचारले आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवली. पुरुष डॉक्टरांची वीस वर्षांची फलिते १९७६ साली प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या कर्करोगाने दरवर्षी लाखामागे सिगारेट न ओढणारे १० मरत, ओढणारे १४०. म्हणजे चौदापट! हृदयरोगाने न ओढणारे ४१३ मरत, ओढणारे ६६९. म्हणजे जेमतेम १.६ पट. चौदापुढे १.६ कोणाच्या खिजगणतीत येणार? पण वजाबाकी करून पाहा. कर्करोगाचे जास्तीचे मृत्यू लाखामागे १३०, तर हृदयरोगाचे २५६. पटीने लहान दिसणाऱ्या रोगानेच सिगारेट ओढणाऱ्यांचे बळी जवळजवळ दुप्पट घेतले. कारण उघड आहे. हृदयरोग मुळातच पुष्कळांना होतो, आणि मोठ्या रकमेवरील थोडे व्याजसुद्धा लहान रकमेवरील भारी व्याजाहून अधिक भरते.

याच्या उलट प्रकारही घडतो. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये असे जाहीर झाले, की संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढील वर्षी तेथील गर्भपातांची संख्या हजारोंनी वाढली. दुप्पट म्हणजे काय, तर सात हजार स्त्रियांत एकीऐवजी दोघींना. 'दुप्पट' हा शब्द खरा होता. पण 'सात हजारांत एक जास्त' असे त्याच वेळी स्पष्ट सांगितले असते तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

आतापर्यंत आपण माणसे आधी पाहिली आणि रोग मागाहून मोजला. पण प्रत्येक रोगाच्या बाबतीत असे करणे परवडत नाही. तोंडाचा कर्करोग खर्रा खाणाऱ्यांतही दरवर्षी थोड्यांनाच होतो. त्याची वाट पाहत हजारो माणसांमागे वीस-वीस वर्षे कोण फिरणार? म्हणून उलट्या वाटेने जावे लागते. रोगी आधी घ्यावयाचे, त्यांच्याच वयाचे निरोगी लोक तुलनेस घ्यावयाचे, आणि दोघांनाही मागील सवयी विचारावयाच्या. मुंबईत सांघवी, राव व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी धूम्रपान आणि तंबाखू चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध याच वाटेने तपासून १९५५ साली प्रसिद्ध केला.

या पद्धतीत एक अडचण आहे. रोगी किती आणि निरोगी किती घ्यावयाचे हे आपणच ठरविलेले असल्यामुळे जोखीम काढता येत नाही. मग तुलना कशाची करावयाची? डॉल व हिल यांच्या १९५० च्या अभ्यासाचे आकडे पाहू. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ होते. तुलनेच्या ६४९ पुरुषांत २७. रोग्यांत ओढणारे व न ओढणारे यांचे प्रमाण ६४७ ला २, म्हणजे सुमारे ३२३ ला एक. इतरांत ते ६२२ ला २७, म्हणजे २३ ला एक. ३२३ ला २३ ने भागले म्हणजे चौदा येतात. याला ऑड्स रेशो म्हणतात. मराठीत प्रमाणांचे गुणोत्तर म्हणता येईल. रोग विरळ असेल तर हे गुणोत्तर सापेक्ष जोखमीच्या अगदी जवळ येते, असे जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले. डॉक्टरांचा वीस वर्षे पाठपुरावा करून चौदाच आले होते, हे येथे आठवावे. दोन उत्तरे इतकी तंतोतंत जुळावीत यात योगायोगाचाही भाग असेल. पण दोन्ही वाटा एकाच गावी पोहोचल्या हे खरे. रोग सर्रास आढळणारा असेल, तर मात्र हे गुणोत्तर खऱ्या जोखमीपेक्षा फुगून दिसते, याची आठवण ठेवावी.

गुणोत्तर मोठे आले म्हणजे कारण सिद्ध झाले असेही समजू नये. खर्रा खाणाऱ्यांपैकी काही दारूही पितात. मग तोंडाच्या कर्करोगाचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा? अशा वेळी दारू न पिणाऱ्यांचाच वेगळा गट करून त्यांतील खर्रा खाणारे व न खाणारे यांची तुलना करतात. तेथेही फरक टिकला तर खर्ऱ्यावरील संशय बळावतो. संबंध घट्ट आहे काय, कारण आधी आणि रोग नंतर असा क्रम आहे काय, मात्रा वाढली की रोग वाढतो काय, निरनिराळ्या ठिकाणी हेच दिसते काय, असे नऊ निकष हिल यांनी १९६५ मध्ये मांडले. आजही ते उपयोगी पडतात.

आता गावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मापाकडे वळू. एखादे कारण समूळ नाहीसे झाले तर गावातील एकूण रोगापैकी किती वाटा टळेल? याला समाजातील आरोपणीय वाटा म्हणतात. त्याचा हिशेब मॉर्टन लेव्हिन यांनी १९५३ मध्ये मांडून दिला. गडचिरोलीच्या आकड्यांवर तो सहज करता येतो. सर्व ७६३ बाळांची जोखीम पुरेशा वजनाच्या बाळांएवढीच, म्हणजे शेकडा ०.९, असती तर सुमारे ७ मृत्यू झाले असते. प्रत्यक्षात झाले ४०. म्हणजे कमी वजन हेच खरोखर कारण धरल्यास ३३ मृत्यू, शेकडा ८३, त्याच्या खात्यावर पडतात.

हा वाटा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : जोखीम किती पट आहे, आणि ते कारण किती लोकांत पसरले आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील लोकांत धुराविना तंबाखू खाणारे शेकडा २४.४ होते आणि ओढणारे शेकडा ३.८. एखाद्या रोगाची जोखीम दोन्ही सवयींनी सारखीच पाचपट होते, असे केवळ हिशेबापुरते धरू. तर खाण्याच्या तंबाखूकडे त्या रोगाचा शेकडा ४९ वाटा जाईल, आणि ओढण्याकडे १३. पट एकच, पण गावावरील भार जवळजवळ चौपट. म्हणून विलायतेत सिगारेटवर जो जोर दिला जातो तो तसाच्या तसा उचलून चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणणे शहाणपणाचे नव्हे. येथे प्रश्न खर्ऱ्याच्या पुडीचा आहे.

येथवर आलेल्या चौकस वाचकास पुढील आकडे पाहून धक्का बसेल. गडचिरोलीतील त्याच बालकांच्या मृत्यूंचा कारणवार वाटा २००५ साली प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांचा जन्म याकडे सुमारे शेकडा ७४ वाटा; पोटात वाढ खुंटणे याकडे ५५; जंतुदोषाकडे ५५; आणि जन्मतः श्वास गुदमरणे याकडे ३५. बेरीज करून पाहिली तर २१९ होते! शंभरापैकी दोनशे एकोणीस मृत्यू कसे होतील?

यात चूक काही नाही. शेतात तणसाचा ढीग जळाला असे समजा. तणस वाळलेले होते, वारा सुटला होता, आणि कोणाच्या तरी विडीची ठिणगी पडली. तणस ओले असते तर ढीग वाचला असता. वारा नसता तर वाचला असता. ठिणगी नसती तरीही वाचला असता. मग प्रत्येक कारणाचा वाटा शेकडा शंभर, आणि बेरीज तीनशे. वाटा म्हणजे वडिलोपार्जित शेताची वाटणी नव्हे, की एकाला अधिक गेले म्हणजे दुसऱ्याला कमी उरावे. कारणे जेव्हा हातात हात घालून येतात, तेव्हा एकच मृत्यू अनेकांच्या खात्यावर लिहिला जातो. गडचिरोलीत नेमके हेच दिसले. बाळ आधी दिवस पुरे होण्यापूर्वी किंवा अशक्त जन्मे, आणि मग त्याला जंतुदोष गाठी.

या हिशेबातून निघालेला निष्कर्ष फार मोलाचा आहे. बेरीज शंभराहून मोठी आहे, याचाच अर्थ असा की सर्व कारणे नाहीशी करण्याची गरज नाही. साखळीचा एक दुवा तोडला तरी पुष्कळ प्राण वाचतात. केवळ सर्वांत मोठ्या आकड्याकडे पाहिले असते, तर बाळे कमी वजनाची व अपुऱ्या दिवसांची जन्मूच नयेत, असाच उपाय सुचला असता. तो इष्टच आहे. पण त्यासाठी मुलींचे पोषण, लग्नाचे वय, गरिबी, हिवताप अशा पुष्कळ गोष्टी बदलाव्या लागतात, आणि त्याला एक पिढी लागते. आज जन्मलेल्या बाळाला तितका वेळ नसतो. जंतुदोषाचा आकडा दुसऱ्या क्रमांकाचा असला तरी त्यावर औषध आहे, आणि ते झोपडीत नेता येते. म्हणजे वाटा किती मोठा एवढेच पाहून भागत नाही. त्यापैकी आपल्या हाताने किती टळण्याजोगा आहे, हेही पाहावे लागते.

सर्चने तोच मार्ग धरला. आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या गावच्या स्त्रिया बाळाला ऊबदार ठेवणे, आईचे दूध पाजण्यास मदत करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे हे तर करू लागल्याच. पण जंतुदोषाची लक्षणे ओळखून तोंडाने द्यावयाचे औषध आणि इंजेक्शनही घरीच देऊ लागल्या. थोड्या शिकलेल्या बायांच्या हाती सुई कशी द्यावी, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर आकड्यांनी दिले. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. १९९३-९५ मध्ये या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते सुमारे २५ झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या ४७ गावांत ते आधी ५८ होते आणि नंतरही साठाच्या आसपासच राहिले. ही तुलनेची गावे नसती, तर काळच सुधारला असे म्हणावयास जागा राहिली असती.

१९९९ मध्ये ही फलिते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतच शेवटचे एक माप आहे, आणि सामान्य माणसाला ते सर्वांत लवकर पटते : किती जणांची काळजी घेतली म्हणजे एक प्राण वाचतो? गडचिरोलीचे उत्तर होते अठरा. अठरा नवजात बालकांची घरी काळजी घेतली की पोटातला किंवा जन्मानंतरचा एक मृत्यू टळे. हे माप वजाबाकीतूनच निघते : हजारामागे जितके मृत्यू टळले, त्यांनी हजाराला भागावयाचे. अठरा बाळे म्हणजे एका लहान खेड्यातील वर्षाचे पाळणे. "मृत्युदरात शेकडा साठ घट" यापेक्षा "आपल्या खेड्यात दरवर्षी एक मूल वाचेल" हे ग्रामसभेला अधिक चटकन कळेल. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना देशभर स्वीकारली.

तेव्हा रोग आणि त्याचे कारण यांविषयी एखादा आकडा पुढे आला, तर सुज्ञ नागरिकाने चार गोष्टी विचाराव्यात. हा आकडा कितींपैकी आहे? पट सांगितली असेल तर मूळ जोखीम किती, म्हणजे वजाबाकी काय येते? हे कारण आपल्या गावात किती जणांत आहे? आणि त्यापैकी किती भाग आपल्याला आज टाळता येण्याजोगा आहे? हे विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेला भागाकार आणि वजाबाकी पुरते. नगरपरिषदेत, जिल्हा परिषदेत किंवा ग्रामसभेत आरोग्याच्या खर्चाची चर्चा निघेल तेव्हा एवढे चार प्रश्न कोणी उभे राहून विचारले, तरी व्याख्यानाला येण्याचे आपले श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.